४५ अंशांत बांधलेली पिझ्झाभट्टी

विटांच्या पिझ्झाभट्टीचं बांधकाम हिवाळ्यात काढावं. आमच्या हातून हिवाळा निघून गेला आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अमरावतीच्या उन्हात पाया खणायला घेतला. पुढचं सगळं वेळापत्रक एकाच तारखेला बांधलेलं होतं: ७ जूनला मृग लागतो, त्याच्या आत घुमट वाळलेला, तापवलेला आणि छपराखाली गेलेला हवा. हातात जेमतेम सात आठवडे. वाटलं होतं, एवढ्या उन्हात निदान वाळण्याची तरी काळजी नाही. तीच काळजी सगळ्यात मोठी निघाली. या उन्हात माल लवकर आवळतो, पण पक्का होत नाही. भट्टी वरून कोरडी दिसते, आतून नसते.

आधी मापं. घुमटाचा आतला व्यास ९० सेंमी, उंची ४५, म्हणजे सरळ अर्धगोल. तोंड ४५ सेंमी रुंद आणि २८ सेंमी उंच. तोंडाची उंची घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवतात. जास्त ठेवली तर तापलेली हवा पुढून ओघळून जाते, कमी ठेवली तर आग गुदमरते आणि धूर तोंडावर येतो. धुराडं घुमटाच्या डोक्यावर नसतं, तोंडाच्या कमानीपुढे असतं. डोक्यावर भोक पाडायचा आग्रह मिस्त्री हमखास धरतो, कारण त्याने पाहिलेल्या चुलींना तसंच असतं. तिथे ऐकू नये, सगळी उष्णता त्या भोकातून जाईल.

विटा २३० × ११५ × ७५ मिमीच्या, ३० ते ४० टक्के अॅल्युमिनाच्या फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा. एकेक वीट ४ किलोच्या आसपास भरते. ६० टक्क्यांची वीट ‘चांगली’ म्हणून दाखवली जाते, पण ती उष्णता जास्त वेगाने वाहून नेते, पिझ्झ्याचं बूड करपतं. पांढरी, हलकी इन्सुलेशनची वीट तर मुळीच नको, नखाने खरवडली जाते. घुमटात अर्ध्या विटा लागतात. आतल्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर १३८ अर्ध्या, म्हणजे ६९ पूर्ण विटा. फरशीला काटछाट धरून ३६, तोंड आणि कमानीला २२. आणल्या १६०, उरल्या ९. काही वाहतुकीत कोपरे गेलेल्या निघतात, काही कापताना फुटतात, म्हणून हिशेबापेक्षा जास्तच घ्याव्यात.

पाया हा काळ्या मातीत वेगळाच विषय आहे. मे महिन्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. म्हणजे ती तिच्या सर्वांत आकसलेल्या अवस्थेत असते, आणि तिच्यावर स्लॅब टाकला की पहिल्या दमदार पावसानंतर माती फुगून स्लॅबची एक कड उचलते. वर दोन टनांच्या आसपास वजन असलं तरी उचलते. घुमटाला मग तोंडाच्या कमानीपासून तिरकी चीर जाते आणि दोष विटेच्या माथी येतो. उपाय एकच, काळी माती काढून मुरुमापर्यंत जायचं. इथे मुरूम ७० सेंमीवर लागला. खड्डा १५-१५ सेंमीच्या थरांत मुरमाने भरला, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. वर दगडांची सोलिंग, मग १२ सेंमीचा सळईचा स्लॅब, १.७ मीटर बाय १.७. आदल्या संध्याकाळी सोलिंग आणि मुरूम भिजवून ठेवले, नाहीतर कोरडा मुरूम काँक्रीटमधलं पाणी खालून ओढतो आणि वरून ऊन ओढतं.

स्लॅबवर तीन बाजूंनी ४०० × २०० × २०० मिमीच्या पोकळ ब्लॉकचे चार थर, ८० सेंमी. पुढची बाजू लाकडं ठेवायला मोकळी. त्यावर १० सेंमीचा दुसरा स्लॅब, १० मिमीच्या सळया दोन्ही दिशांनी ६ इंचांवर. त्यावर १० सेंमी इन्सुलेशन आणि ७.५ सेंमीची फरशी, असं मिळून चुलाण जमिनीपासून १०७ सेंमीवर येतं. कोपराच्या उंचीला. यापेक्षा खाली ठेवलं तर आत बघायला कंबरेत वाकावं लागतं.

वरच्या स्लॅबचं काँक्रीट पाव घनमीटरही नाही, १ : दीड : ३ च्या मालाला (सिमेंट, वाळू, खडी) दोन पोती सिमेंट पुरतं. एवढंसं काम म्हणून मिस्त्री सकाळी दहाला येतो म्हणाला. त्याला साडेपाचला बोलावलं, साडेसातला काम संपवलं. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेलं, घेतलं. ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं, न मिसळलेलं सिमेंट) लवकर आवळतं आणि स्वतःही तापतं, या हवेत दोन्ही नको. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून घ्यायचं नाही, दुपारनंतर त्यात चहा होईल. रात्री ड्रम भरून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला आणि सकाळी त्यात बर्फाची लादी फोडून टाकली. बर्फ मालात जाता कामा नये, तो ड्रममध्येच पूर्ण विरघळलेला हवा.

पहिल्या स्लॅबच्या वेळी थापी फिरवून झाल्यावर चहाला अर्धा तास गेला आणि परत येईपर्यंत पृष्ठभागावर वेड्यावाकड्या, केसाएवढ्या भेगा उमटल्या होत्या. काँक्रीट ओलं असतानाच वरचं पाणी गरम वाऱ्याने पळवलं की असं होतं. ऊन एकटं करत नाही, वारा जास्त करतो. दुसऱ्या वेळी अंगठा जेमतेम उमटेल एवढा माल बसला की लगेच ओली गोणपाटं टाकली, दुसऱ्या दिवशी कडेने मातीचं आळं करून पाणी साठवलं. कोरड्या, उष्ण हवेत पीपीसीला १४ दिवस तराई द्यावी, म्हणजे ओलं ठेवावं, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. साध्या हवेत १० चालतात. हे चार दिवस वाचवावेसे वाटतात. वाचवू नयेत, कारण त्याच काळात विटा कापायचं काम उरकतं.

कापण्याबद्दल थोडक्यात. पाण्याचं कटर भाड्याने मिळतं, ते घ्यावं. चार इंची ग्राइंडरवर डायमंड ब्लेड लावूनही कापता येतं, पण धूळ प्रचंड उडते आणि ती सिलिकाची धूळ आहे. एन-९५ मास्क घामाने भिजला की बदलायचा. कापलेली बाजू घुमटाच्या बाहेर, कारखान्यातून आलेली गुळगुळीत बाजू आत.

स्लॅबवर ५० मिमी जाडीचे कॅल्शियम सिलिकेट बोर्ड दोन थरांत टाकले, सांधे एकावर एक येऊ न देता. स्वस्तातला पर्याय व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) आणि सिमेंट ५ : १. चालतो, पण ते मिश्रण स्पंजासारखं पाणी धरतं. वरून आठ दिवसांत खडखडीत दिसतं, आत महिनाभर ओल असते आणि ती पुढे घुमटात वाफ होऊन चढते. तो केला तर खालच्या स्लॅबला दोन-तीन भोकं आधीच ठेवावीत. बोर्डही पाणी पितो, म्हणून रोज रात्री ताडपत्री.

फरशीच्या विटांना माल लावत नाहीत. चाळलेली वाळू आणि फायरक्ले (आग सोसणारी माती) समभाग, कोरडीच, ३ ते ५ मिमीचा बिछाना करून विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या, तोंडाच्या रेषेला ४५ अंशांत बसवल्या. सरळ रांगेत बसवल्या तर पिझ्झ्याचं फावडं विटेच्या कडेला अडखळतं. फरशी घुमटाच्या आत, गोल कापून. घुमट फरशीवर उभा केला नाही. दहा वर्षांनी एखादी वीट झिजली तर ती तेवढीच उचलता यावी. फरशी आणि घुमटाच्या मधे ५ मिमीची फट राखेने भरली. ४५० अंशांवर ९० सेंमीची फरशी दोनेक मिलिमीटर वाढते, तिला जागा लागते.

आता माल. इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. दुकानात ‘फायरक्ले मॉर्टर’ म्हणून मिळणारी साधी पावडर उष्णतेने पक्की होणारी असते आणि ती पक्की व्हायला हजार अंशांच्या पुढे जावं लागतं. पिझ्झाभट्टी तिथवर कधीच जात नाही. घुमट वर्षभरानंतरही बोटाने खरवडता येतो. सोडियम सिलिकेटवाला एअर-सेटिंग, म्हणजे हवेतच आवळणारा, माल घट्ट होतो, पण पातळ सांध्यांसाठीच असतो, आणि चांगला तापेपर्यंत पाण्याने सुटतो. आम्ही घरचा माल वापरला: मापाने ३ भाग बारीक वाळू, १ भाग सिमेंट, १ भाग हायड्रेटेड चुना, १ भाग फायरक्ले. सिमेंटची ताकद ३०० अंशांच्या पुढे कमी होत जाते, पण तोवर त्याने घुमट धरून ठेवलेला असतो. पुढचा भार चुना आणि फायरक्ले घेतात. वाळू मच्छरदाणीच्या जाळीतून चाळलेली. ‘थोडं सिमेंट वाढवा, मजबूत होईल’ हे मिस्त्रीचं म्हणणं इथे उलटं पडतं. सिमेंट वाढलं की माल जास्त आकसतो आणि सांधे तडकतात. सगळा मिळून ६५ लिटर माल लागला. चुन्याने बोटांची सालं निघतात, रबरी हातमोजे घालावेत.

घुमटाला साचा लागत नाही. फरशीच्या मध्यावर बिजागरी, तिला १२ मिमीचा आटे पाडलेला गज, गजाच्या टोकाला विटेएवढी एल-पट्टी. नट फिरवून लांबी अशी लावायची की पट्टीत धरलेल्या विटेचा आतला चेहरा केंद्रापासून बरोबर ४५ सेंमीवर येईल. प्रत्येक वीट या दांडीने धरायची. अंतरही तीच ठरवते, कोनही तीच. बिजागरी फरशीच्या पातळीपेक्षा वर असली तर घुमट तेवढा उंच होतो, एवढं लक्षात ठेवायचं. पहिल्या थरात २४ अर्ध्या विटा, तळापासून माथ्यापर्यंत ९ थर.

पहिला थर आम्ही सकाळी नऊ ते साडेअकरा बसवला. तेव्हा सावलीत ४१ अंश होते, आणि उघड्यावर पडलेल्या विटांवर इन्फ्रारेड थर्मामीटर ५५ दाखवत होता. काम फार छान चाललं होतं. वीट टेकवली की चिकटत होती, दांडी लगेच सोडता येत होती. दुसऱ्या दिवशी थापीच्या मुठीने ठोकून पाहिलं, तर २४ पैकी ५ विटांचा आवाज भरीव नव्हता. हाताने हलवल्या, सुटून आल्या. खालचा माल भुकटीसारखा. तापलेल्या कोरड्या विटेने मालातलं पाणी ओढून घेतलं होतं, सिमेंटला लागणारं पाणीच उरलं नव्हतं. चिकटणं म्हणजे जोड नव्हे हे तिथे कळलं, आणि अख्खा थर काढून पुन्हा बसवला.

नंतरची पद्धत अशी ठरली. विटा रात्रभर सावलीत. बसवण्याआधी बादलीत, बुडबुडे थांबेपर्यंत, तीन ते पाच मिनिटं. मग बाहेर काढून पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी जाईपर्यंत थांबायचं. चकाकी असताना लावली तर वीट मालावर तरंगते आणि घसरते, तेही चालत नाही. ज्या थरावर बसवायचं त्याची वरची बाजूही ब्रशने ओलसर. माल एका वेळी चारच लिटर: तीन मग वाळू, बाकीचे एकेक मग. घट्टपणा घरच्या श्रीखंडाएवढा. घमेल्यावर ओलं फडकं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपवायचा. आवळायला लागलेल्या मालात पाणी टाकून तो ‘जिवंत’ करायची सवय प्रत्येक साइटवर दिसते. तसा माल लावायला मऊ होतो, पण त्याचा पकड घेण्याचा काळ निघून गेलेला असतो. उरला तर फेकायचा. चार लिटरात फेकण्यासारखं असतंच किती.

वेळ सकाळी साडेपाच ते साडेनऊ. संध्याकाळी सहानंतर करता येतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आठपर्यंत गरमच असतो, म्हणून संध्याकाळी फक्त पाणी मारणं आणि सांधे भरणं. डोक्यावर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट. नेट ऊन अडवते, वारा नाही. पश्चिमेला जुनी ताडपत्री आडवी बांधल्यावर माल घमेल्यात पाच-सात मिनिटं जास्त टिकायला लागला. डोक्याला दुपट्टा आणि जवळ मीठ-साखरेचं पाणी हे विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही, तरी ग्राइंडर हातात असताना चक्कर येणं परवडत नाही म्हणून लिहितो.

आतल्या बाजूला विटा जवळजवळ एकमेकींना टेकलेल्या, सांधा २-३ मिमी. बाहेर मात्र उभा सांधा ३ सेंमीपर्यंत उघडतो. तिथे नुसता माल भरला तर तो आकसून तडकतो. विटांच्या कपच्या भिजवून मालात दाबून बसवायच्या. तोंडाची कमान प्लायच्या साच्यावर आधी उभी केली आणि घुमटाचे थर तिला येऊन भिडवले. हे भिडणारे तुकडे दोन दिशांनी तिरके कापावे लागतात. मोजून जमत नाही. वीट जागेवर धरून पेन्सिलीने खूण करायची, कापायची, पुन्हा धरून पाहायची. एकेका तुकड्याला अर्धा तास गेला.

सहाव्या थरापासून वीट आत घसरायला लागते. तारेचा आकडा विटेवर अडकवून त्याला बाहेरून अर्धी वीट लटकवली की दहा-पंधरा मिनिटांत माल धरतो. खाली दिवसाला दोन थर होत होते, सहाव्यानंतर एकच. थर पूर्ण गोल झाला की तो स्वतःला धरतो, म्हणून अर्धवट थर सोडून उठायचं नाही. माथ्याला उरलेलं भोक पाच पाचरी तुकड्यांनी बंद केलं. चावीची वीट वरून हलक्या हाताने ठोकून बसवली. जोरात ठोकली तर खालचे तीन थर एकदम उघडतात.

प्रत्येक दिवसाचं काम संपलं की लगेच ओली गोणपाटं. घुमट पुरा झाल्यावर सात दिवस ती कधीच कोरडी होऊ दिली नाहीत, दुपारी दर दोन तासांनी पाणी. मग गोणपाटं काढून सावलीतच दहा दिवस वाळवलं. तिसऱ्या दिवशीच घुमट पांढरा, कोरडा दिसायला लागतो. खरी स्थिती पाहायला संध्याकाळी प्लॅस्टिकचा कागद घुमटावर टाकून कडा विटांनी दाबायच्या आणि सकाळी उचलून आतली बाजू पाहायची. चौथ्या सकाळी कागदावरून थेंब ओघळत होते. नवव्या दिवशी नुसती वाफ धरल्यासारखी झाक होती. त्यानंतरच आग.

पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. जाड सांध्यात अडकलेल्या थेंबाला ती मिळाली नाही तर सांधा फुटतो. म्हणून आग टप्प्याटप्प्याने, सहा रात्री, रोज पाच-सहा तास: आतल्या माथ्याचं तापमान पहिल्या रात्री १५० अंश, मग २००, २५०, ३००, ३५० आणि शेवटी ४५०. पहिल्या दोन रात्री फक्त लोणारी कोळसा, कारण लाकडाची ज्योत माथ्याला एकाच जागी चाटते. नंतर बाभळीच्या बारीक फाट्या. वरून सिरॅमिक फायबर ब्लँकेटचा एक थर सैल टाकला होता, म्हणजे आत आणि बाहेर तापमानाचा फरक कमी राहतो. दिवसा तो काढून ठेवायचा, ओल निघू द्यायची. तिसऱ्या रात्री ब्लँकेटची खालची बाजू हाताला ओली लागली, तेव्हा चौथ्या रात्रीही २५० च्या वर गेलो नाही. त्यामुळे सहाच्या सात रात्री झाल्या.

तरी दोन भेगा पडल्या, दोन्ही कमानीच्या कोपऱ्यातून वर. रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आत. भट्टी गार झाल्यावर त्या मिटतात. अशा भेगा भरायच्या नाहीत. नखाची कड आत जाईल एवढी असेल तर वाळू अगदी बारीक चाळून त्याच मालाने बाहेरून भरावी.

ब्लँकेट २५ मिमी जाडीचं, घनमीटरला १२८ किलो घनतेचं, तीन थर. ७.३ मीटर लांब आणि ६१ सेंमी रुंद अशी दोन बंडलं लागली. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क घालून, पहाटेच. घामावर ते तंतू बसले की दोन दिवस खाजतात. घुमट आणि बाहेरची कमान यांच्यामध्ये १० मिमी फट ठेवून त्यात सिरॅमिक फायबरची दोरी दाबली. ब्लँकेटवर कोंबडीची जाळी, त्यावर दोन हातांत ३ सेंमीचा चुना-सिमेंटचा गिलावा. माथ्यावर अर्ध्या इंची पाइपचं एक झाकणवालं भोक ठेवलं, आत राहिलेली वाफ तिथून निघते. गिलाव्यालाही सात दिवस पाणी, पण नळीने नाही, फवाऱ्याने. ब्लँकेट भिजलं तर आधीची सगळी मेहनत पुन्हा करायची.

धुराड्याचा ६ इंची, मीटरभर लांबीचा स्टीलचा पाइप आणि पत्र्याचं छप्पर ४ जूनला लागलं. त्याआधी रोहिणीत एक अवकाळी सर येऊन गेली होती. ताडपत्री बांबूंवर, घुमटापासून हातभर उंच ताणलेली असल्याने काही बिघडलं नाही.

पूर्ण पेटवणीला दीड तास लागतो. सुरुवातीला घुमट काजळीने काळाकुट्ट होतो, मग माथ्यापासून ती जळून विटा पुन्हा पांढऱ्या दिसायला लागतात. थर्मामीटर नसला तरी ही खूण पुरते. निखारे एका बाजूला सारून फरशी पुसायची. फरशी ४०० ते ४३० अंशांवर असेल तर पिझ्झा दीड मिनिटात निघतो. साडेचारशेच्या वर गेली तर फरशीवर चिमूटभर मैदा टाकून पाहावा. टाकताक्षणी काळा पडला तर पाच मिनिटं थांबायचं. लाकूड बाभळीचं, वर्षभर वाळलेलं. प्लायचे किंवा रंग दिलेले तुकडे कधीच नाहीत.

झडीच्या दिवसांत पंधरा दिवस भट्टी पेटली नसेल, तर एकदम पूर्ण आग न करता आधी तासभर बारीक जाळ ठेवायचा आणि माथ्याचं झाकण उघडायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं तिथून वाफ दिसते. ती थांबली की लाकूड वाढवायचं.